काढ्याने रेझिस्टंट जंतू मरतात का? तुमचं मत काय

सांजवेळ:
आईला वर्षात तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन. कल्चरचा रिपोर्ट आला, ई. कोलाय, आणि औषधांच्या नावापुढे नुसती आर आर आर ची रांग (आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही), एस (औषध लागू पडतं) चार-पाच ठिकाणी, ती पण बहुतेक इंजेक्शनं. मावशी म्हणते दारुहळदीचा काढा दे. हसू नका, त्यातलं बर्बेरीन जंतू मारतं असे ढीगभर पेपर आहेत. मग डॉक्टर देत का नाहीत? मला तर वाटतं पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या ढुंकून बघत नाहीत.

लॅबवाली:
रोज हेच करते म्हणून सांगते. अगार प्लेटवर (जंतू वाढवायची जेलीची बशी) जंतू पसरायचे, भोक पाडून अर्क टाकायचा, रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं, सकाळी भोकाभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसला की पेपर तयार. गोल लवंगेच्या तेलानेही येतो हो! बर्बेरीन तोंडाने घेतलं तर रक्तात जेमतेम उतरतं, लघवीत पोचणार किती?

अडुळसा:
ताई, तुम्ही एकेक द्रव्य सुटं काढून बघता तिथेच घोळ आहे. स्टॅफ ऑरियस या दुसऱ्या एका जंतूकडे नॉर-ए नावाचा पंप असतो, बर्बेरीन आत शिरलं की उपसून बाहेर फेकतो. २००० साली सापडलं की बर्बेरिसच्याच (दारुहळद याच गटातली) झाडात दुसरं एक द्रव्य आहे, ते एकटं जंतूला काही करत नाही पण तो पंप बंद पाडतं, मग बर्बेरीन काम करतं. मिऱ्यातल्या पायपरीनवर जम्मूत असंच काम झालंय, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या जोडीने. मी बीएएमएस आहे म्हणून बाजू घेत नाहीये.

लॅबवाली:
पंपाचं मान्य, मलाही ते आवडतं. पण ते स्टॅफवर, आणि प्लेटवर. काकूंना ई. कोलाय आहे, ग्रॅम निगेटिव्ह, त्याला बाहेरून अजून एक आवरण आणि पंप पण वेगळे.

चहाबाज:
पेटंटचं रडगाणं बंद करा राव. पायपरीन घातलेली टीबीची गोळी २००९ मधे आपल्याकडेच बाजारात आली (तिथे ते रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध जास्त शोषलं जावं म्हणून आहे, जंतू मारायला नाही). आणि चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल झाडातल्याच औषधावर मिळालं, मलेरियाचं असलं तरी. त्यांनी पण उकळणं सोडून थंड इथरमधे अर्क काढला तेव्हा कुठे जमलं.

सांजवेळ:
बरं पण सोबत दिला तर नुकसान काय?

नाना_६८:
सांगतो. मी शुगरच्या गोळीबरोबर बर्बेरीनच्या कॅप्सूल चालू केल्या, नॅचरल आहे म्हणून डॉक्टरला बोललोच नाही. पहाटे घामाने बनियन ओलं, हात थरथरतायत, मशीनवर ५८. हिने साखरपाणी पाजलं. बर्बेरीन शुगर पण उतरवतं हे नंतर कळलं.

अडुळसा:
नाना, हे खरंय, डोस आणि सोबतची औषधं न बघता देऊच नये. म्हणून काढा फालतू ठरत नाही.

लॅबवाली:
फालतू कोण म्हणालं, माणसांवर ट्रायल दाखवा एवढंच मागतेय.

सांजवेळ:
आईला पण शुगरची गोळी आहे, हे लिहायचंच राहिलं. उद्यापासून इंजेक्शन. मावशी दारुहळद घेऊन एसटीत बसलीये, तिला काय सांगू ते सुचवा.