१ मूळ संख्या का नाही? आणि ९१ ला दर वेळी फसतोच

प्रश्न
मुलगी सहावीत आहे, मूळ आणि संयुक्त संख्या घेताना माझीच गाडी अडली. तिची व्याख्या पाठ आहे, ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक ती मूळ. मग म्हणते, १ ला १ ने पण भाग जातो आणि स्वतःनेही, मग १ मूळ का नाही? मला काही सांगता येईना. शिवाय काल तिने ५१, ५७, ९१ तिन्ही मूळ लिहिल्या, आणि खरं सांगते, ९१ मलाही मूळच वाटली होती. दर वेळी सगळे पाढे म्हणत बसायचं का?

उत्तर १
व्याख्येत "बरोब्बर दोन विभाजक" असं म्हणा, १ ला एकच आहे म्हणून ती मूळही नाही, संयुक्तही नाही. पण नुसतं सांगू नका, तिला १२ बटणं द्या आणि सारख्या ओळी लावायला सांगा, ६-६ च्या दोन होतात, ४-४ च्या तीन होतात. मग एक बटण काढून घ्या. आता ११ ची कितीही मांडामांड करू दे, एक तरी उरतंच नाहीतर कमी पडतं, शेवटी एकच लांब रांग. माझ्या मुलाने दहा मिनिटं झटापट केली आणि मग स्वतःच म्हणाला हिच्या ओळी होतच नाहीत, त्यानंतर व्याख्या पाठ करावी लागली नाही.

उत्तर २
१ ला बाहेर ठेवण्यामागे आणखी मोठं कारण आहे आणि ते मुलांना जरूर सांगावं. ६० चे मूळ अवयव पाडा, कुठूनही सुरुवात करा, ६×१० करा नाहीतर ४×१५, शेवटी २×२×३×५ च येतं. १ ला मूळ म्हटलं की मागे १×१×१ कितीही लावत बसा, मग एकच उत्तर राहत नाही. लसावि-मसावि काढतो ते याच भरवशावर.

उत्तर ३
पाढ्यांचं सांगतो. विभाजक जोडीने येतात, दोघंही १० पेक्षा मोठे असतील तर गुणाकार १०० च्या वर जाणार, म्हणून १०० च्या आत फक्त २, ३, ५, ७ तपासायचे, बस्स. ५१ च्या अंकांची बेरीज ६, ५७ ची १२, म्हणजे दोन्हीला ३ ने भाग जातो, ३×१७ आणि ३×१९. ९१ ला मात्र २, ३, ५ सोडून देतात आणि ७ चा पाढा आपण १० पर्यंतच म्हणतो, ७×१३ त्याच्या पुढे, म्हणून सगळेच फसतात.
एकदा तिच्याकडून १ ते १०० चा तक्ता करून इरॅटोस्थेनिसची चाळणी करून घ्या. १ वर आधीच काट मारायची, मग २, ३, ५ च्या पटीतल्या संख्या खोडायच्या (ते स्वतः सोडून), आणि ७ ची पाळी येते तेव्हा नव्याने खोडायला फक्त ४९, ७७ आणि ९१ उरतात! शेवटी २५ मूळ संख्या राहतात.

प्रश्नकर्ती
चाळणी केली, ९१ खोडताना ओरडलीच ती. आता उलट मलाच विचारते १४३ मूळ का? १२ चा वर्ग १४४, म्हणजे ११ पर्यंतच बघायचं असं तिनेच सांगितलं, आणि नेमका ११ नेच भाग गेला, ११×१३.