एमडीसीके पेशींच्या थरावर फोड दिसत आहेत. फ्लास्क टाकून द्यावा का?

सयाजीगंजची विद्यार्थिनी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी बडोद्यात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एपिथेलियल पेशी वाढवत आहे. जेंटामायसिन या प्रतिजैविकामुळे मूत्रपिंडाच्या पेशींना इजा कशी होते, हा माझा विषय आहे. मीडियम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, डीएमईएम असून त्यात १० टक्के सीरम आहे. इन्क्युबेटर ३७ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर चालतो.

पेशींनी फ्लास्कचा तळ पूर्ण झाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी थरावर ठिकठिकाणी गोल, उजळ कडांचे फोड दिसू लागले. काही दुसऱ्या दिवशी नाहीसे झाले आणि नवे भलतीकडेच उठले. मीडियम गढूळ झालेले नाही, पण सोबतच्या विद्यार्थ्यांना मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूचा संसर्ग वाटतो. गेल्या आठवड्यात असाच एक फ्लास्क मी ब्लीच घालून टाकून दिला. आताचाही टाकावा लागेल का? परीक्षेपूर्वी हातात फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून कृपया लवकर मार्गदर्शन करावे.

दांडिया बाजार

फ्लास्क मुळीच टाकू नका. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून तुमच्या पेशी आजारी नसून आपले मूळ काम करत आहेत असे दिसते. या फोडांना घुमट म्हणतात आणि एमडीसीकेच्या दाट थरावर ते उठणे हे पेशींची प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण मानले जाते.

कारण समजून घ्या. मॅडिन आणि डार्बी या दोघांनी १९५८ साली कॅलिफोर्नियात एका कॉकर स्पॅनियल जातीच्या मादीच्या मूत्रपिंडापासून ही पेशीमाला तयार केली. त्या मूत्रपिंडातून बाहेर येऊन इतकी दशके लोटली, तरी या पेशी वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे विसरलेल्या नाहीत. सोडियम-पोटॅशियम पंप त्या आपल्या खालच्या आणि बाजूच्या आवरणात बसवतात, तर शेजारच्या पेशीशी वरच्या कडेला घट्ट सांधा बांधतात. पंप सोडियम खाली ढकलतो, त्यामागून पाणी जाते आणि सांध्यांमुळे ते सहज परत येऊ शकत नाही. शरीरात हे पाणी नलिकेबाहेरच्या केशवाहिन्यांत शिरले असते, पण तुमच्या फ्लास्कचा तळ प्लास्टिकचा आहे. पाण्याला वाट मिळत नाही, म्हणून ते थराखाली साचते आणि थर जिथे तळाला सैल धरलेला असतो तिथे उचलला जातो. ताण वाढून एखादा सांधा उघडला की पाणी निसटते व घुमट बसतो. म्हणूनच ते तुम्हाला जागा बदलताना दिसले.

खात्री करायची असेल तर सूक्ष्मदर्शकाचा फोकस हळूहळू वर न्या. तळावरच्या पेशी धूसर होतील आणि घुमटाच्या माथ्यावरच्या पेशी, एकमेकींना धरून असलेल्या, स्पष्ट दिसू लागतील. मेलेल्या पेशी अशा एकसंध राहत नाहीत. त्या गोल होऊन सुटतात आणि मीडियममध्ये तरंगतात. पंप बंद पाडणारे उआबाइन घातल्यास घुमट ओसरतात, पण तेवढ्यासाठी चांगला फ्लास्क खर्ची घालू नये. मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना हा फोकसचा प्रयोग दाखवत असे आणि दर वेळी मलाही तितकाच आनंद होत असे.

मायकोप्लाझ्माची शंका मात्र वेगळी ठेवा. तो मीडियम गढूळ करत नाही आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनला दाद देत नाही. घुमट दिसले म्हणून तो आहे असे होत नाही, तसेच मीडियम स्वच्छ आहे म्हणून तो नाही असेही होत नाही. पीसीआर किंवा डीएनएला रंगवणारे होएक्स्ट वापरून चाचणी करून घ्या.

अलकापुरी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु प्रकल्पाच्या विषयाबद्दल मला काळजी वाटते, म्हणून लिहितो. जेंटामायसिन मुख्यतः मूत्रपिंडाच्या समीपस्थ नलिकेला, म्हणजे नलिकेच्या सुरुवातीच्या भागाला, इजा करते, कारण तिथल्या पेशी मेगालिन या ग्राही प्रथिनाच्या साहाय्याने ते आत ओढून घेतात आणि ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनपिशव्यांत, साचत जाते. एमडीसीकेचा स्वभाव मात्र नलिकेच्या पुढच्या भागांतल्या, म्हणजे दूरस्थ नलिकेच्या आणि संग्राहक नलिकेच्या पेशींसारखा आहे. त्यामुळे परिणाम सौम्य दिसला तर औषध सौम्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. या प्रश्नासाठी डुकराच्या एलएलसी-पीके१ किंवा ओपॉसमच्या ओके पेशी अधिक योग्य आहेत. वेळ नसेल तर एमडीसीके ठेवा, पण प्रश्न बदला आणि थराची अभेद्यता मोजा. त्यासाठी या पेशींइतका विश्वासू सोबती क्वचित मिळतो.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. अनेक प्रयोगशाळांत जंतू वाढू नयेत म्हणून मीडियममध्ये जेंटामायसिनच घातलेले असते, बहुधा मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. तसे असेल तर तुमच्या नियंत्रण गटालाही पहिल्या दिवसापासून तेच औषध मिळत आहे.

सयाजीगंजची विद्यार्थिनी

आपणा दोघांचे मनापासून आभार. सायंकाळी फोकस वर नेऊन पाहिले. घुमटावरच्या पेशी अगदी स्पष्ट दिसल्या. मीडियमच्या बाटलीवर जेंटामायसिन लिहिलेले होते. ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, याचे वाईट वाटले.

थराची अभेद्यता पाहण्यासाठी सच्छिद्र पडद्यावर पेशी वाढवून त्यांचा विद्युतरोध मोजण्याचे ठरवले आहे. पहिले वाचन २९० ओहम आले, रिकाम्या पडद्याचे १२० होते. पडद्याचे क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणून मी १७० ला १.१२ ने भागले. हे बरोबर आहे का?

दांडिया बाजार

भागायचे नाही, गुणायचे. थराचे क्षेत्रफळ जितके जास्त, तितक्या विद्युतप्रवाहाला समांतर वाटा जास्त आणि वाचलेला रोध कमी. म्हणून क्षेत्रफळाने गुणल्यावरच लहानमोठ्या पडद्यांची तुलना होऊ शकते. तुमचे उत्तर सुमारे १९० ओहम चौरस सेंटिमीटर आहे. एमडीसीकेच्या पहिल्या प्रकारात हा आकडा हजारांत जातो, दुसऱ्या प्रकारात शे-दोनशेच्या आसपास राहतो. तेव्हा तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते पेशी देणाऱ्यांना विचारून वहीत नोंदवा.

मोजताना तापमान सांभाळा. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत वातानुकूलन, अशा खोलीत प्लेट इन्क्युबेटरमधून काढली की ती थंड होत जाते आणि रोध वाढलेला दिसतो. प्रत्येक प्लेट बाहेर काढल्यावर ठरावीक वेळ, समजा वीस मिनिटे, थांबून मगच वाचन घ्या.

अलकापुरी

जेंटामायसिन नसलेल्या मीडियममध्ये पेशी किमान दोनदा पुनर्लागवड करून घ्या आणि मगच प्रयोग सुरू करा. त्या वेळी कॅल्शियम व मॅग्नेशियम नसलेल्या बफरने दोनदा धुऊन ट्रिप्सिन घाला आणि घाई करू नका. या पेशी सुटायला दहा-पंधरा मिनिटेही घेतात, आणि फ्लास्क आपटल्यास त्यांचे पुंजके होऊन पडद्यावरचा थर एकसारखा बसत नाही.