बॉरो की लेंड? (सोसायटी ग्रुपवर)

बी-३०४: कोणी आहे का ऑनलाइन, लेकीचा सातवीचा इंग्लिशचा पेपर आहे उद्या आणि ती बॉरो-लेंडमध्ये सारखी अडकतेय, वहीत सगळीकडे ‘कॅन आय लेंड युवर पेन’ लिहून ठेवलंय

ए-१०२ काकू: अगं तिला आधी मराठीत बोलून बघायला सांग. ‘तुझं पेन घेऊ का’ तिथे कॅन आय बॉरो युवर पेन, आणि ‘तुझं पेन देतेस का’ तिथे कॅन यू लेंड मी युवर पेन. घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड.

सी-५०१: काकू राइज आणि रेज पण सांगा ना, आमच्याकडे तेच चाललंय

ए-१०२ काकू: वाढणे आणि वाढवणे, बस. मेंटेनन्स वाढला, द मेंटेनन्स रोझ. कमिटीने वाढवला, द कमिटी रेज्ड द मेंटेनन्स. रेजला कर्म लागतंच, राइजला लागत नाही. मुलांना व्याख्या पाठ करायला लावतात त्यापेक्षा हे पटकन कळतं कारण आपल्या मराठीत अशा जोड्या तयारच आहेत, शिकणे-शिकवणे म्हणजे लर्न-टीच, म्हणणे-सांगणे म्हणजे से-टेल, तिकडे नेणे टेक आणि इकडे आणणे ब्रिंग

बी-३०४: पण हिअर आणि लिसन? दोन्ही ऐकणेच ना?

ए-१०२ काकू: नाही गं, हिअर म्हणजे ऐकू येणे, लिसन म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. तसंच सी म्हणजे दिसणे, लुक म्हणजे मुद्दाम बघणे, आणि मॅच वगैरे चालू असताना बघत बसतो ते वॉच. पिक्चरला मात्र सी पण चालतं.

डी-२०२: लाय आणि ले मध्ये तर मोठी माणसंपण चुकतात

ए-१०२ काकू: कारण ते खरंच अवघड आहे. लाय म्हणजे आडवं पडणे, त्याचा भूतकाळ ले, आणि ले म्हणजे ठेवणे किंवा अंडी घालणे, त्याचा भूतकाळ लेड. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचं मूळ रूप एकच. खोटं बोलणे असेल तर लाइड. इथे मराठी कामाला येत नाही, लाय-ले-लेन, ले-लेड-लेड असं म्हणून म्हणूनच बसवावं लागतं

बी-३०४: आणि डू-मेक?

ए-१०२ काकू: तिथेही तसंच, आपलं एक ‘करणे’ दोन्हीकडे जातं. डू होमवर्क, डू द डिशेस, पण मेक अ मिस्टेक, मेक अ नॉइज. आज एवढ्याच जोड्या करून घे, बाकीच्या पेपर झाल्यावर माझ्याकडे पाठव तिला, वाक्यं बनवत बनवत घेऊ