'तंत्र-आशावाद' म्हणजे लिंबू-मिरची का?

धंतोलीकर: पोरीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, पोस्टर मराठीतच पाहिजे. 'टेक्नॉलॉजीनं माणसाचे दिवस चांगले येतील असं मानणं' याला एकच शब्द हवा होता तर मी 'तंत्र-आशावाद' लिहून दिला. पोस्टर हॉलमध्ये सुकायला ठेवलं होतं, मामांनी वाचलं अन् म्हणे, काहून बाप्पा, तंत्र-मंत्र करून राहिले का घरात? आता पोरगी रुसली. उद्या सकाळी जमा करायचं आहे, लवकर सांगा.

रामटेकी: 'तंत्रज्ञान-आशावाद' करा. ज्ञान काढून टाकलं की लिंबू-मिरचीच उरणार.

जुनाविद्यार्थी: मामांना सांगा, तंत्र म्हणजे मुळात माग. संस्कृतात तन् म्हणजे ताणणे, त्यातूनच तंतू आणि तंत्र. टेक्नॉलॉजीतला ग्रीक 'टेख्ने' अन् आपला तक्षन् म्हणजे सुतार हे एकाच कुळातले. म्हणजे टेक्नॉलॉजी सुताराची अन् तंत्र हा शब्द विणकरांचा, मांत्रिकांकडे तो मागाहून गेला. बदलू नका.

इतवारीचापोट्टा: काका, माझे आजोबा हातमागावर बसायचे. माग, धोटा, ताना-बाना हे शब्द घरात रोज, पण मागाला तंत्र म्हणणारा माणूस मी नागपूरच्या इतवारीत पाहिला नाही. मोठे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली मिल, रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायच्या नव्या तऱ्हेच्या चात्या, देशात कोणी फार वापरत नव्हतं तेव्हा तिथं लावून पाहिले, 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड पण काढला. आजी म्हणायची गिरणीनं आपले दिवस पालटले, घरात घड्याळ आलं, सायकल आली. आजोबा म्हणायचे गिरणीनं माग खाल्ला. दोघं एकाच ताटावर बसून हे बोलायचे. पुढं मिल पण बंद पडली, आता सांगा यातला आशावादी कोण?

रामटेकी: आजी.

शुद्धमराठी: मूळ मुद्दा सोडून मिलच्या गोष्टी काय. प्रमाण शब्द घ्या, सवय होते. डॉ. रघुवीर लाहोरहून आपल्या नागपुरात येऊनच पारिभाषिक शब्दांचं काम करत होते. रेल्वेला 'लौहपथगामिनी' हा शब्द त्यांच्या नावावर खपवून हसायची फॅशन आहे, पण 'अभियंता' म्हणताना आता कोणाची जीभ अडखळते का?

काटोलरोड: अडखळते न भाऊ, आमच्याकडे इंजिनिअरच म्हणतात. माझी तक्रार तंत्रावर नाही, 'वाद'वर आहे. 2002 मध्ये बीटी कपाशी आली, आमच्या बाबानं पण लावली, पहिले काही वर्षं बोंडअळीचे फवारे खरंच कमी झाले. मग 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. बाबा एक दिवस शिव्या देत बसला अन् पुढच्या जूनमध्ये नवीन थैली घेऊन आला. त्याले काय वाद समजत नाही, मांडायचा पण नाही. त्याच्याजवळ 'भरोसा' आहे.

जुनाविद्यार्थी: एक सुभाषित आहे, आशा ही अजब बेडी, जो बांधला गेला तो पळत सुटतो, जो सुटला तो पांगळ्यासारखा बसून राहतो. तुमचे बाबा पहिल्यातले. आणि संस्कृतात आशा म्हणजे दिशा सुद्धा, त्यामुळे...

शुद्धमराठी: 'भरोसा' हिंदी आहे. मराठीत भरवसा.

काटोलरोड: माझा बाप भरोसाच म्हणतो. त्याले करेक्शन करायले तुम्ही या, चहा पाजतो.

धंतोलीकर: अहो साडेअकरा वाजले. पोरगी स्केचपेन घेऊन समोर बसली आहे. 'टेक्नॉलॉजीवर भरोसा' लिहू का 'भरवसा'?

शुद्धमराठी: टेक्नॉलॉजी नको, तंत्रज्ञान.

इतवारीचापोट्टा: नागपुरात हिंदी कुठं संपते अन् मराठी कुठून लागते ते आधी ठरवा बे, मग पोस्टर.

रामटेकी: बर्डीच्या बाजारात.

इतवारीचापोट्टा: बर्डीवर तर मराठी सुरूच होत नाही.