बायोडेटाच्या फोटोतले मुरुमांचे डाग: चेहरा मेणाचा न करता कसे काढावेत?

निळीशाई
लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेला फोटो दुरुस्त करायचा आहे. २४ मेगापिक्सेल, उजेड खिडकीतून एका बाजूने येणारा. गव्हाळ वर्ण, दोन्ही गालांवर मुरुमांचे तपकिरी डाग, कपाळावर तीन-चार ताज्या पुटकुळ्या, उजव्या गालावर थोडे खड्डे. मोबाइलमधला ब्यूटी फिल्टर लावला की वर्णच उजळतो आणि कातडी मेणासारखी होते. गिंप या फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधल्या हील टूलने पुटकुळ्या जातात, पण केसांच्या कडेला काळपट धब्बे उमटतात आणि गालावर ठिगळं लावल्यासारखं दिसतं. कुठे चुकतंय? फोटो ४ x ६ इंच छापायचा आहे, व्हॉट्सॲपवरही पाठवायचा आहे.

खिडकीचा_उजेड
धब्ब्यांचं कारण हील टूलच्या कामातच आहे. ते नमुन्याच्या जागेवरून कातडीचा पोत उचलतं आणि रंग व उजळपणा मात्र ब्रशच्या आजूबाजूला जे असेल त्याच्याशी जुळवतं. ब्रशच्या वर्तुळात केस, भुवई किंवा ओठाची कड आली की तो गडद रंग आत झिरपतो. अशा कडांपाशी हील बाजूला ठेवून क्लोन टूल घ्या: मऊ कडेचा छोटा ब्रश, अपारदर्शकता ४०-५० टक्के, दोन-तीन हलके हात.

क्लोन रंगासकट उचलतो, म्हणून नमुना कुठून घेता ते इथे फार महत्त्वाचं. आपल्याकडच्या वर्णात कपाळ, तोंडाभोवतीचा भाग आणि डोळ्यांखालचा भाग गालापेक्षा मुळातच गडद असतो. गालाचा नमुना हनुवटीवर टाकला की कोड असल्यासारखा फिकट ठिपका दिसतो. कपाळाला कपाळाचाच नमुना.

बाकीच्या चेहऱ्यावर असं करा:
१. कंट्रोल-शिफ्ट-डी ने लेअरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत करा. मूळ लेअरला हात लावायचा नाही.
२. फोटो १०० टक्के आकारात पाहा. ४०० टक्क्यांवर काम केलं की रंध्रंसुद्धा डाग वाटू लागतात आणि माणूस तीही पुसत बसतो.
३. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा: २० पिक्सेलच्या पुटकुळीला २५ ते २८.
४. कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ कातडीवर क्लिक करा, मग डागावर एकच क्लिक. ब्रश ओढायचा नाही.
५. दर दोन-तीन डागांनंतर नमुना बदला. तीच तीच रंध्रं पुन्हा उमटतात, त्यातूनच ठिगळ दिसतं. दुसरं कारण पोताचं: नाकाशेजारची रंध्रं मोठी, कानाजवळची बारीक, एकाचा तुकडा दुसऱ्यावर लपत नाही.

कोकणकडा
वरची पद्धत ताज्या पुटकुळ्यांसाठी अगदी बरोबर. गालावरच्या तपकिरी डागांना मात्र हील वापरूच नये. तिथे पोत शाबूत असतो, बिघडलेला असतो फक्त रंग. चांगला पोत फेकून दुसरीकडचा आणून बसवायचं कारणच नाही. वांग असेल तरी हेच लागू.

गिंप २.१० पासून फिल्टर्स मेन्यूत, एन्हान्सखाली, वेव्हलेट डीकंपोज आहे. तो फोटोचे बारीक ते ढोबळ तपशिलांचे थर वेगळे करतो आणि सगळ्यात खाली रेसिड्युअल नावाचा फक्त रंग-छायेचा धूसर थर ठेवतो. थर ५ च राहू द्या. ते वाढवले तर डागांचा जास्त भाग वरच्या थरांतच अडकून राहील. मग रेसिड्युअल निवडा, लॅसोने (मोकळ्या हाताने निवड करायचं टूल) डागाळलेला भाग घेरा, कड २५-३० पिक्सेल मऊ करा आणि गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) १५ ते २० द्या. रंध्रं वरच्या थरांत असल्यामुळे जशीच्या तशी राहतात. निवड ओठ, नाकपुडी किंवा केसांपर्यंत नेऊ नका, ब्लर तिकडचा रंग ओढून आणतो. आणि अख्खा गाल एकदम घेरू नका. गालाच्या हाडावरची छाया सपाट झाली की चेहऱ्याची घडणच जाते.

फोटोशॉपमध्ये हेच काम दोन थरांत होतं. खालचा ब्लर केलेला. वरच्याला अप्लाय इमेजमध्ये सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८ आणि मग लिनिअर लाइट. हे आकडे ८ बिटच्या (प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असलेल्या) फाइलचे आहेत. १६ बिट फाइलला ॲड, इन्व्हर्ट, स्केल २, ऑफसेट ० लागतं.

खिडकीचा_उजेड
खड्ड्यांचं राहिलं. खड्डा म्हणजे रंग नसतो, सावली असते. बाजूच्या उजेडामुळे ती जास्त उठली आहे. ५० टक्के करड्या रंगाचा नवा लेअर घ्या, मोड सॉफ्ट लाइट. पांढरा मऊ ब्रश ४-५ टक्क्यांवर ठेवून फक्त खड्ड्याच्या काळ्या कडेवर फिरवा. वेळ लागतो, पण कातडी खरी राहते. फोटो पुन्हा काढणं शक्य असेल तर चेहरा खिडकीकडे वळवा, निम्मे खड्डे तिथेच नाहीसे होतील.

निळीशाई
वेव्हलेटने गाल खूपच छान झाला, आभार! हनुवटीवर एक तीळ आणि भुवईत जुना व्रण आहे. तेही काढू का? आणि लॅपटॉप नसताना मोबाइलवर काय करावं?

कोकणकडा
तीळ आणि व्रण ठेवा. पंधरा दिवसांत जाणारं काढावं, कायमचं ठेवावं. ज्यांचा फोटो आहे त्यांनी स्वतः सांगितलं तरच हात लावा. बायोडेटातला चेहरा प्रत्यक्ष भेटीत ओळखू आला पाहिजे, आणि वर्ण उजळवणं तर नकोच. काम झाल्यावर दुरुस्त लेअरची अपारदर्शकता ७०-८० टक्क्यांवर आणून पाहा. डाग पुसट दिसतात आणि चेहरा त्या माणसाचाच राहतो. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोवर यातलं काहीही करू नका, तिथे मूळ फोटोच द्यायचा.

मोबाइलवर स्नॅपसीडमधलं हीलिंग चालतं. ब्रशचा आकार झूमवर ठरतो, म्हणून आधी भरपूर झूम करून मग टिचकी. नमुन्याची जागा निवडता येत नाही, त्यामुळे केसांजवळ तेच धब्बे येतील.

खिडकीचा_उजेड
छपाईला ४ x ६ साठी ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) १२०० x १८०० पिक्सेल लागतात. काम एक्ससीएफमध्ये (गिंपची स्वतःची फाइल, लेअर शाबूत राहतात) जपा, जेपीईजी शेवटी एकदाच काढा, दर्जा ९० च्या वर, रंग एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनची रंगपद्धत). व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर जपलेली रंध्रं कॉम्प्रेशनमध्ये जातील.