मदत हवी आहे: बंदुकीच्या काडतुसांची दोनच कॅलिबर (मापं) ठेवायची तर कुठली?
मंडळी, लायसन्स वगैरे सगळं रीतसर आहे, प्रश्न फक्त निवडीचा आहे. लांबच्या इमर्जन्सीसाठी पॉइंट २२ एलआर (लाँग रायफल, छोटं काडतूस) तर घेणारच, ५०० राउंडचं (काडतुसांचं) वजन जेमतेम पावणेदोन किलो भरतं, आवाज कमी, छोट्या शिकारीला बास, पण रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणारं काडतूस) असल्यामुळे कधीमधी गोळी फुसकी निघते तेवढं एक डोक्यात बसलंय. दुसरी कुठली? ५.५६ मिमी रायफलचा राउंड साधारण १२ ग्रॅमचा आणि ७.६२ बाय ५१ चा जवळपास दुप्पट, म्हणजे पाठीवर वाहायचं झालं तर कंबरडंच मोडणार, पण मोठ्या जनावराला ५.५६ पुरेल असं काय मला वाटत नाही. आणि रबरी सील असलेल्या लोखंडी डब्यात सिलिका जेल टाकून काडतुसं ठेवली तर किती वर्षं टिकतात, कुणी जुना साठा वापरून बघितलाय का?