सशाला ताजी भाजी काय देता, किती देता? अनुभव लिहा

मंडळी, आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या तीन घरी ससे आहेत आणि तिन्हीकडे तीन तऱ्हा. एकीकडे नुसतं गाजर, एकीकडे पोळी-बिस्किट, आमच्याकडे गवत आणि पाला. दुकानदार ससा गळ्यात मारतो, वर "काहीही खातो हो" म्हणतो, पुढचं आपलं आपण बघायचं. इंग्रजीत याद्या ढीगभर आहेत पण त्यातली निम्मी पानं आपल्या भाजीवालीने बघितलेली पण नसतात. म्हणून आपल्या मंडईतलं कोण काय देतं, कशाने त्रास झाला, ते इथे लिहा.

आमचं असं: चोवीस तास गवत समोर, तेच मुख्य जेवण, ऐंशी टक्के तरी. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच झिजतात, भाजीने तेवढे झिजत नाहीत. पाला म्हणजे वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक कप, तो पण दोन वेळात वाटून. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, शेपू असं आलटून पालटून. शेपूला आमच्या घरात त्याच्याशिवाय कोणी वाली नाही.

ससेमिरा, नाशिक

नवीन पाला देताना माझा एकच नियम, एका वेळी एकच. पहिल्या दिवशी मेथीच्या दोन-तीन काड्या, बास. मग दुसऱ्या दिवशी ट्रे बघायचा. लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या, बोटांत दाबल्या की आत गवताचा भुसा दिसतो, म्हणजे पास. बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या किंवा मऊ पडल्या तर ती भाजी बंद, सगळं नीट होईपर्यंत फक्त गवत. एकदम चार नव्या भाज्या दिल्या आणि बिघडलं तर दोष कुणाला देणार? घरचे हसतात की ही सकाळी चहाच्या आधी सशाच्या लेंड्या दाबत बसते, हसू देत.

ठाणेकर_काकू

गाजराचं भूत आधी उतरवा लोकहो! कार्टूनमधला ससा बघून आमच्या सासऱ्यांनी रोज अख्खं गाजर सुरू केलं, लाडच तेवढा. गाजरात साखर बरीच असते. झालं काय, ससे रात्री-पहाटे ज्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकतात आणि स्वतःच परत खातात (किळस वाटून घेऊ नका, त्यातून त्यांना व्हिटॅमिनं मिळतात), त्या आमच्या सशाने खाणंच सोडलं आणि सगळं मागे केसांना चिकटायला लागलं. पावसाळ्याचे दिवस, त्यावर माश्या बसतात, अंडी घालतात, आणि अळ्या थेट कातडीत शिरतात. आमच्या डॉक्टरांनी वेळेत सांगितलं म्हणून वाचलो. आता गाजराची एक पातळ चकती, ती पण कधीतरी. गाजराचा पाला मात्र खुशाल द्या, हिवाळ्यात मंडईत पाल्यासकट जुड्या येतात.

बोलका_पोपट, कोल्हापूर

काकू म्हणतात ते बरोबर, पण कोबीबद्दल पण कोणीतरी लिहा. काही सशांना चालतो, आमच्या मैत्रिणीच्या सशाला अजिबात नाही. कोबी-फ्लॉवर खाल्लं की पोट ड्रमसारखं फुगायचं, कोपऱ्यात अंग आकसून बसायचा, दात करकर वाजवायचा. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलं ते अडकलं. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही तर सकाळची वाट बघू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या. आणि डॉक्टर सशांवर उपचार करणारे आहेत ना ते आधी विचारा, कारण कुत्र्या-मांजरांना तोंडाने सर्रास देतात ते अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेतू शकतं.

नवशिकी_आई

पालक देऊ का हो रोज? लेक हट्टाने तोच भरवते, आणि आज त्याची शू लालसर दिसली, मी घाबरलेय.

ससेमिरा, नाशिक

ताई, बीट किंवा गाजर खाल्लं असेल तर शू लाल-केशरी होते, पाल्यातल्या रंगाने पण होते, दिवस-दोन दिवसात जाते. पण जोर लावून, थेंब थेंब करत असेल किंवा रक्ताच्या गाठी दिसत असतील तर लगेच दाखवा. पालक रोज नको, त्यात ऑक्झॅलेट (जास्त झालं तर किडनीला जड जाणारा पाल्यातला क्षार) जास्त. बीटाची पानं आणि माठ पण त्याच रांगेत. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, थोडा. शिवाय सशाच्या शरीरात खाण्यातलं बरंचसं कॅल्शियम शोषलं जातं आणि जादाचं लघवीतून बाहेर पडतं. लादीवर पांढरा खडूसारखा डाग थोडाफार दिसणारच, पण घट्ट चिखलासारखं पडायला लागलं तर पाल्याचा हिशोब बघायची वेळ आली.

बांधावरचा, सांगली जिल्हा

शहरवाले त्या परदेशी टिमोथी गवताला किती पैसे मोजता राव! आमच्याकडे बांधावरची हरळी, म्हणजे तुमच्या दूर्वा, रोज ताज्या. तुतीची पानं टाकली की ससे तुटून पडतात, जास्वंदीचं पान-फूल पण आवडीने खातात. लसूणघास (गुरांचा चारा, इंग्रजीत अल्फाल्फा) मात्र मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार, वाढत्या पिल्लांना ठीक. एकच बघा, फवारणी झालेल्या शेताच्या बांधाचं गवत आणू नका आणि रस्त्याकडेचं तर नकोच. आणि अळूची पानं चुकून पण नको, तोंडाला खाज येते ती आपल्यालाच सोसत नाही, त्याला कुठून सोसणार.

लीड्सवाली

इथे उलटी गंमत, अंगणात डँडेलियन (पिवळ्या फुलाचं रानटी झुडूप, ससे पानं खातात) फुकट उगवतो आणि कोथिंबिरीच्या चार काड्यांना पैसे मोजायचे. माझा ससा कोथिंबिरीचाच वेडा, मराठी घरात वाढला ना. सुपरमार्केटमधला आइसबर्ग लेट्यूस मात्र आणत नाही, नुसतं पाणी, पोषण नावाला. आणि कांदा, लसूण, कच्चा बटाटा, अव्होकाडो, टोमॅटोची पानं, कच्ची कडधान्यं यातलं काही नाही. घरातला मनीप्लांट पण उंच टांगलाय.

ठाणेकर_काकू

धुण्याबद्दल राहिलंच. मी जुडी सोडवून मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवते, माती खाली बसते, मग नळाखाली दोन-तीनदा खळखळून. ओला पाला तसाच दिला तरी चालतो, उन्हाळ्यात उलट बरंच, तेवढंच पाणी पोटात जातं. पिवळी, चिकट, वास येणारी पानं फेकून द्या, "सशाला काय कळतंय" म्हणून उरलंसुरलं त्याच्यापुढे टाकू नका. खाऊन तास-दोन तासात राहिलेला पाला पण उचला, पावसाळ्यात लगेच आंबतो.

नवशिकी_आई

आभार सगळ्यांचे, बीटच खाल्लं होतं, लेकीने कबूल केलं. अजून एक, आमच्या शेजारी अगदी मुठीएवढं पिल्लू आणलंय, त्याला कोथिंबीर देऊ का?

बोलका_पोपट, कोल्हापूर

आत्ता नको. मुठीएवढं म्हणजे आईपासून लवकरच तोडलेलं असणार, बाजारात असेच विकतात. त्याला गवत, लसूणघास आणि पाणी. तीन महिन्यांचं झालं की एकेक पान सुरू करा, ससेमिराताईंच्या नियमाने.